वीणा टेकली का?

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, आष्टीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि बिघडलेले कागद घरी आणायचे. इतरांच्या भिंतींवर देवांची कॅलेंडरं असायची, आमच्या भिंतींवर जाहीर सभा. डब्यांच्या तळाशी निषेध अंथरलेले, वह्यांना मोर्च्यांची कव्हरं, आणि भाकरीच्या दुरडीत एखाद्या पडलेल्या उमेदवाराचं नम्र आवाहन. अण्णांना स्वतःचा पक्ष नव्हता. छापखान्यात जो येईल त्याचं ते जुळवत. त्यामुळे मी सगळ्या बाजूंचं वाचलं आणि मला कुणाचंच पूर्ण पटलं नाही. शाळा संपेपर्यंत माझी पक्की समजूत झाली होती की माणसं जगात दोनच गोष्टी करतात, आवाहन आणि निषेध, आणि त्यातलं दुसरं मला जास्त चांगलं जमतं.

मायही त्याच कागदांवर वाचायला शिकली, पण माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा ती संध्याकाळी चुलीपुढे एखादं पत्रक घेऊन बसायची आणि एकेक अक्षर विचारायची. तिला सलग वाचता आलेला पहिला शब्द होता ‘बहुसंख्येने’. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. मला वाटलं, आता ही माझं लिहिलेलं वाचणार. तिने कागद गुडघ्यावर सरळ केला आणि विचारलं, “आता पोथी वाचता यील का गं मला?”

त्या प्रश्नामागे बरीच वर्षं होती. आमच्या गावात उन्हाळ्यात सप्ताह बसतो. सात दिवस देवळात अखंड नामस्मरण, सकाळी पोथीचं पारायण, रात्री कीर्तन. पारायणाला बाया मोठ्या संख्येने बसतात. पुढे बसलेला वाचक मोठ्याने वाचतो आणि मागच्यांनी आपापल्या पोथीत बघत त्याच्यामागे वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ओळीवरून बोट फिरवायचं. मायने लग्नापासून दर वर्षी बोट फिरवलं होतं. एकदा तिने वाचकाला विचारलं की ह्यात काय लिहिलंय ते मला कधी कळायचं. तो म्हणाला, बोट फिरवलं तरी देवाला कळतं. मायने घरी येऊन सांगितलं, “त्याला कळतंय हो. त्यानंच सांगितलेलं हाय समदं. मला कळाया पायजे ना.”

तर मग एका दुष्काळाच्या वर्षी तिने ठरवलं की हे पारायण आपण स्वतःच्या तोंडाने, एकही शब्द न गाळता वाचायचं. आणि तिथेच सगळं सुरू झालं.

सप्ताहाचा एक नियम आधी सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सप्ताह बसला की एक वीणा गळ्यात घालून कुणीतरी सतत उभं असतं आणि नाम घेत असतं. त्याला पहारा म्हणतात. पहारेकऱ्याने बसायचं नाही, देवळाबाहेर जायचं नाही, आणि पुढचा माणूस येऊन वीणा आपल्या गळ्यात घेईपर्यंत ती उतरवायची नाही. सातही दिवस वीणा जमिनीला टेकता कामा नये. टेकली तर सप्ताह मोडला. सप्ताह मोडला की पारायणही मोडलं, वाचलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्या दिवसापासून बसा. त्या वर्षी गावाने कसंबसं धान्य गोळा केलं होतं आणि पंगतीचं पाणी टँकरचं होतं. पुन्हा बसायचा प्रश्नच नव्हता.

दुसरा नियम असा की वीणा पुरुषांनीच घ्यायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. त्याच्या दोन वर्षं आधी सप्ताहाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि बायांनाही पहारा द्या अशी मागणी केली. सप्ताहाचं सगळं आबा बघायचे. आबा म्हणजे आमच्या भावकीतले सर्वांत वडीलधारे, गळ्यात तुळशीची माळ, आवाज गावाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा. ते म्हणाले, पोरी, वीणा जड असते. मी म्हटलं, टँकरवरून दोन हंडे आम्हीच आणतो. ते म्हणाले, हंडा मधी खाली ठेवता येतो. बैठक हसली. ह्यावर काय बोलायचं ते मला घरी पोचल्यावर सुचलं, आणि ते इतकं चांगलं होतं की मी रात्रभर ते अण्णांना ऐकवलं.

असो. त्या वर्षीच्या सप्ताहात नेमकी आमच्या सोसायटीची निवडणूक आली. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना बी-खत देणारी सहकारी संस्था. पण दुष्काळात तिच्याकडे जनावरांची चारा छावणीही होती, म्हणून तिच्या चेअरमनला जिल्ह्याच्या कलेक्टरपेक्षा जास्त नमस्कार पडत. दोन पॅनल उभे होते. दोन्ही पॅनलच्या पुढाऱ्यांनी देवळात येऊन गाभाऱ्यापुढे शब्द दिला की सप्ताहाच्या दिवसांत आम्ही मतदारांना न्यायला गाडी पाठवणार नाही. ज्याला जायचं तो पहारा संपवून चालत जाईल. मतदान शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेत होतं. शब्द देताना दोघांचेही डोळे मिटलेले होते.

मतदानाच्या सकाळी पहिली जीप आली ती सकाळच्या आरतीच्याच वेळी. पाठोपाठ दुसऱ्या पॅनलची आली, कारण पहिल्याची आली होती. त्या दिवशी पारायणानेही जीपचा वेग घेतला. वाचक दोन-दोन ओव्या एका दमात मारू लागला, कारण त्यालाही मत द्यायचं होतं. बाया त्याच्यामागे धावत होत्या. त्याने पोथी मिटली तेव्हा माय त्या दिवसाच्या पहिल्या अध्यायाच्या मध्याला होती. बाया उठल्या, आपापल्या घरी गेल्या. माय उठली नाही. त्या दिवसाचं वाचन संध्याकाळच्या आरतीआधी पुरं झालं पाहिजे असा दंडक होता, आणि मायचं वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी.

मला हे काही माहीत नव्हतं. मी घरून निघायच्या तयारीत होते. माझ्या झोळीत माझं स्वतःचं पत्रक होतं. आयुष्यातलं पहिलं, मी लिहिलेलं आणि अण्णांनी जुळवलेलं, गुलाबी कागदावर. विषय साधा होता. चारा छावणीत गाई, बैल, म्हशी घेत होते; शेळ्या-मेंढ्या घेत नव्हते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्याकडेच शेळ्या असतात, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही ते सोसायटीचे सभासद नसतात, म्हणून त्यांच्या जनावरांना भूक लागत नाही असं सोसायटीचं धोरण दिसत होतं. पत्रकाचा मथळा होता ‘आता वाट बघणार नाही’. मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून दोन्ही पॅनलच्या मतदारांच्या हातात ते देणार होते. दुपारच्या एसटीने निघायचं होतं. एसटीचा थांबा देवळासमोरच.

देवळावरून जाताना आबांनी मला हाक मारली. ते वीणा घेऊन दारापाशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभे होते आणि एक पाय दुसऱ्या पायावर घासत होते. त्यांचा पहारा केव्हाच संपला होता. ज्याने यायचं होतं तो जीपमधून गेला होता, त्याच्यानंतरचाही गेला होता. आबांचा जावई एका पॅनलमधून उभा होता. बाहेर जीपवाला ओरडत होता की ही शेवटची खेप आहे, नंतर डिझेल मिळणार नाही. देवळात आबांखेरीज दोनच माणसं होती. एक माय, पाटावर पोथी ठेवून ओवीत अडकलेली. दुसरी शेजारची जिजी, जी नैवेद्याच्या ताटांवर लक्ष ठेवायला बसली होती आणि खांबाला टेकून झोपली होती.

आबांनी मला आत बोलावलं आणि विचारलं की सकाळपासून काय खाल्लंय. मी म्हटलं, काही नाही, उशीर झाला. आबा म्हणाले, चांगलं झालं, वीणा उपाशीपोटीच धरायची असते. मग त्यांनी वीणेचा पट्टा स्वतःच्या मानेवरून उचलला.

मी म्हटलं, “आबा, मी बाई आहे.”

“लेकरात बाई-गडी नसतंय,” आबा म्हणाले. मी बावीस वर्षांची होते.

“आणि वीणा जड असते ना?”

“तू टँकरचे हंडे आणतीस की. धर बाई, वाद घालू नको. आत्ता येतो. एवढं लघवीला जाऊन येतो.”

पहारा बदलताना घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायचं असतं. आबा माझ्या पायांना हात लावून इतक्या चपळाईने बाहेर पडले की मला वाकायला समोर कुणी उरलं नाही. मी मान वर केली तेव्हा ते जीपच्या मागच्या फळीवर बसत होते.

ज्या हक्कासाठी मी दोन वर्षं भांडले, तो मला असा मिळाला. जीपच्या धुळीत आणि नको त्या वेळी. मी ही गोष्ट नंतर अनेक सभांमध्ये सांगितली, पण सभेत लोक हसतात आणि मुद्दा निसटतो, म्हणून बंद केलं.

आता माझ्यापुढे तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. माझा नामस्मरणावर विश्वास नव्हता. वीणा धरायला मी तयार होते, कारण तो समतेचा प्रश्न होता. पण नाम घेणं म्हणजे सरळ शरणागती. म्हणून मी गप्प उभी राहिले, मूक मोर्च्यात राहतात तशी. थोड्या वेळाने मायचं वाचन थांबलं. चालू अध्यायात दुसरा शब्द बोलायचा नाही असा तिचा कडक नेम होता, त्यामुळे ती बोलली नाही. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे बघितलं. ती बघतच राहिली. पुढची ओवी माझ्या तोंडात अडकली आहे असं ते बघणं होतं.

मी म्हटलं, “राम कृष्ण हरी.”

तिने डोळे पोथीत घातले. मला दुसरी कुठली चाल येत नव्हती, म्हणून मी मोर्च्याच्याच चालीत म्हणत राहिले. प्रत्येक वेळी शेवटी मूठ वर जाते की काय अशी भीती वाटायची, पण हात वीणेत अडकलेले होते. मायचंही तसंच होतं. ती पत्रकांवर शिकलेली असल्यामुळे प्रत्येक ओवीच्या शेवटी तिचा आवाज चढायचा, जणू आता उपस्थित राहण्याची विनंती येणार. अशा दोघी आम्ही देवापुढे. त्याला सभा चालू आहे असं वाटलं असलं तर त्याचा दोष नाही.

एसटी आली. देवळासमोर थांबली, कंडक्टरने आत डोकावून बघितलं, मला वीणेसकट बघून हात जोडले आणि घंटी मारली. ‘आता वाट बघणार नाही’ माझ्या खांद्याला लटकत होतं आणि मी वाट बघत होते.

मला वाट बघण्याचा राग आहे. तो त्या दिवशी आला नाही, आधीपासूनचा आहे. आमच्या भागात माणसाला पाळण्यातच वाट बघायला शिकवतात. टँकरची बघा, छावणीच्या पेंडीची बघा, ऊसतोडीला गेलेली माणसं परत यायची बघा, चेअरमन झोपेतून उठायची बघा. आणि सगळीकडून थकला की देवळात येऊन देवाची बघा, तो तर कधी येणार तेही सांगत नाही. मी त्या देवळात उभी राहून मनातल्या मनात ह्या विषयावर एक पूर्ण पत्रक रचलं. तोंडाने राम कृष्ण हरी चालूच होतं. दोन्ही एकाच वेळी जमतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मायचा पहिला अध्याय संपला. तिने पोथीला नमस्कार केला, पाण्याचा घोट घेतला आणि मोठा श्वास सोडला. दोन अध्यायांच्या मध्ये ती बोलू शकत होती. मी लगेच सुरुवात केली. तिला सांगितलं की वीणा तू घे, आता आबांनीच नियम मोडलाय, तुझाही हक्क आहे, आणि मी अजूनही रस्त्यावरून कुणाच्या मोटरसायकलवर बसून वेळेत पोचेन.

“मी वीणा घेतली तर पोथी कोण वाचंल?”

“नंतर वाच.”

“नंतर कावून?” माय म्हणाली. “आजवर नंतरच वाचत आले की मी.”

ह्यावर बोलण्यासारखं घरी गेल्यावरही काही सुचलं नाही. मी वेगळ्या बाजूने गेले. विचारलं की एवढं वाचून तू देवाकडे मागतेयस तरी काय, पाऊस?

“पाऊस त्याच्या हातात हाय, तो त्याचा बघंल. माझ्या हातात अध्याय हाय.” तिने पान उलटलं. “आन् ती वीणा खाली लागू देऊ नको. म्या पुन्यांदा पहिल्यापासून बसणार न्हाई, सांगून ठेवते. माझ्यानं हुणार न्हाई.”

एवढं म्हणून तिने दुसरा अध्याय सुरू केला आणि ती पुन्हा बोलण्यापलीकडे गेली.

शेळी आली ती ह्या दुसऱ्या अध्यायात. काळी, उंच, एक शिंग वाकडं. सप्ताहासाठी देवळाच्या दाराला केळीचे खुंट आणि आंब्याचे डहाळे बांधले होते; कुठून कुठून आणले होते देव जाणे, कारण गावात त्या वेळी तेवढंच हिरवं उरलं होतं. शेळीने दाराचं आंब्याचं तोरण खाल्लं. मी नाम घेत बघत राहिले. तोरणाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. तिने एक केळीचा खुंट सोलला. मग ती उंबरा ओलांडून आत आली आणि मायच्या पोथीजवळ जाऊन उभी राहिली.

दुष्काळात शेळी कागद खाते हे आमच्या घराएवढं कुणाला ठाऊक नसेल. अण्णांचे कितीतरी निषेध शेळ्यांनी पचवले होते. मायने डावा पंजा पानावर पसरला. पण मग त्या पंजाखालच्या ओव्या तिला दिसेनात. ती थांबली. आसन सोडायचं नाही, बोलायचं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

मला हाड म्हणायचं होतं, पण नाम तोडता येत नव्हतं. “राम कृष्ण हाड,” मी म्हटलं. शेळीने कान हलवले आणि पोथीचा कोपरा जिभेने चाटला. मी मधे घुसले आणि गुडघ्याने तिला ढकलायला लागले. शेळीने मागे सरकायच्या ऐवजी माझ्याच अंगाखाली डोकं घातलं, मी वाकले, आणि वीणेचा भोपळा शेळीच्या पाठीवर टेकला. क्षणभर वीणा तिने उचलून धरली होती असं म्हणायला हरकत नाही. मग ती हलली, तार झणकली, आणि मी वीणा दोन्ही हातांनी छातीशी ओढून सरळ झाले.

मायने हे सगळं पाहिलं. 

शेळीचा जीव पोथीवरच होता. शेवटी मी एका हाताने वीणा धरली, दुसरा हात झोळीत घातला आणि माझी गुलाबी पत्रकं मूठभर काढून दाराच्या बाहेर फेकली. शेळीने वळून बघितलं. गुलाबी कागद तिला आवडला असावा. ती बाहेर गेली आणि खायला लागली. संपल्यावर परत आली. मी आणखी फेकली. असं झोळी रिकामी होईपर्यंत चाललं. शेळ्यांना चारा मिळालाच पाहिजे, अशी माझी प्रमुख मागणी होती, आणि ती मागणी त्या दिवशी कुणाच्याही सहीशिवाय थेट लाभार्थ्यापर्यंत पोचली. शेवटच्या पत्रकाचं तिने फक्त ‘आपले नम्र’ एवढं शिल्लक ठेवलं.

माय पुन्हा वाचायला लागली होती. उन्हं देवळाच्या पायरीवरून उतरली तेव्हा जीपगाड्या परतल्या.

पुरुष उतरले तेच भांडत. आपापल्या मताबद्दल बोलून झालं होतं, आता सप्ताहाबद्दल चाललं होतं. वाटेत कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की सगळेच इथे आहेत, मग वीणा कुणाकडे आहे? एका पॅनलचे म्हणत होते की पहारा तुमच्या आबांनी सोडला, सप्ताह मोडल्याचं पाप तुमच्या पॅनलवर. दुसऱ्याचे म्हणत होते की आबांच्या जागी यायचा माणूस तुमच्या जीपने पळवला. देवळाच्या दारात सगळे एकदम थांबले. आत मी उभी, गळ्यात वीणा, तोंडात नाम, मोर्च्याच्या चालीत.

 मग आबांच्या जावयाविरुद्धच्या पॅनलचा एक गडी पुढे आला. त्याला बाईने वीणा धरल्याबद्दल बोलायचं होतं. पण ते बोललं की वीणा तिच्याकडे का गेली हे निघणार, आणि ते निघालं की जीपमध्ये कोण कोण होतं हे निघणार. तो तेवढं मनात फिरवून बघत होता हे चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी तो म्हणाला की धरली ते ठीक आहे, पण एवढ्या वेळात खाली ठेवली नसेल कशावरून? पोरगी देव मानत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

ते खरं होतं, आणि त्यामुळे माझ्या साक्षीला किंमत नव्हती. आबांनी जिजीला हलवून उठवलं. जिजीने शपथेवर सांगितलं की तिचा सकाळपासून डोळा लागला नाही आणि आबांनी दिवसभर एका जागी उभं राहून वीणा सांभाळली. आबांनी मान खाली घातली.

राहिली माय. सगळे तिच्याकडे वळले. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, “सूनबाई, तुमी पोथीवर हायत. तुमी खोटं बोलणार न्हाई. वीणा टेकली का?”

मायने हात वर केला. थांबा. चालू अध्याय होता.

आणि मग सबंध गाव थांबलं. पायऱ्यांवर, उंबऱ्यात, मंडपात, दोन्ही पॅनलची माणसं बोटांना शाई लावून उभी होती, आणि माय एकेक अक्षर लावत होती. ती घाबरली होती. मला ते तिच्या कानांवरून कळत होतं, लाल झाले होते. इतक्या पुरुषांनी तिचं वाचणं कधी ऐकलं नव्हतं. खरं तर घराबाहेरच्या कुणीच ऐकलं नव्हतं. ती मुद्दाम वेळ लावत नव्हती आणि घाईही करत नव्हती, कारण एक शब्द गाळला की तो दिवस तिच्या लेखी गेला. मलाही भीती होती. भोपळा शेळीवर टेकला होता. माय खोटं बोलणार नव्हती, आणि खरं बोलली तर तिचं पारायण तिच्याच तोंडाने मोडणार होतं. हे तिलाही माहीत होतं आणि तरी ती वाचत होती.

अध्याय संपत आला तेव्हा एका जोडाक्षराशी ती अडली. मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा अडली. वाचक दाराशीच उभा होता. तो शब्द त्याला झोपेत विचारला तरी आला असता. त्याचे ओठ त्या शब्दाच्या आकारात तयार होते. त्याच्या शेजारच्याचेही. मी बघितलं तर सगळ्या मंडपाचे ओठ तो शब्द धरून बसले होते आणि कुणी सोडत नव्हतं. मायने चष्मा काढला, पदराने पुसला, लावला, आणि शब्द म्हटला. देवळात शंभर जणांनी एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. तिने राहिलेल्या ओव्या वाचल्या, पोथीला हात जोडले आणि मान वर केली.

“शेळीच्या पाठीला टेकली,” ती म्हणाली. “जमिनीला न्हाई.”

विरोधी पॅनलचा गडी लगेच म्हणाला की शेळी जमिनीवरच उभी होती ना, मग टेकल्यासारखंच झालं.

आबा उठले. “तू बी पहाऱ्याला जमिनीवरच उभा ऱ्हातो की रं. का उडतो?”

ह्यावर मंडपात खाकरणं, कुजबुजणं, मग हसणं. दोन्ही पॅनलच्या पुढाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सप्ताह मोडला तर चौकशी, आणि चौकशीत जीप. एकाने घसा साफ करून म्हटलं की शेळी जमीन नाही असं आमचं मत आहे. दुसरा म्हणाला, आमचंही. आमच्या सोसायटीच्या इतिहासात बिनविरोध झालेलं हे एकच काम.

आबांनी चेहरा पुसला, माझ्यापुढे आले आणि वीणेसाठी दोन्ही हात पसरले. पहारा बदलायचा म्हणजे मोठ्याने जयघोष, पाया पडणं, सगळ्यांची हालचाल. त्यांनी तोंड उघडलंच होतं.

“दादाजी,” माय म्हणाली. आबा वडीलधारे म्हणून ती त्यांच्याशी आजवर पदराआडून, तेही दुसऱ्या कुणाच्या तोंडूनच बोलली होती. “आरतीला वेळ हाय अजून. माझा एक अध्याय ऱ्हायलाय. गलका झाला की मला अक्षर लागत न्हाई.”

तिने उत्तराची वाट बघितली नाही. पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. आबांचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, धोतर सावरलं आणि जिथे होते तिथेच मांडी घातली. त्यांच्या मागचे बसले, मग उंबऱ्यातले, मग पायऱ्यांवरचे, दोन्ही पॅनल एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून. माय तोवर दुसऱ्या ओवीवर गेली होती.